पेनड्राइव्हमधला पायथन

सुरुवातीलाच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. मराठी हा आमच्याकडे एक विषय होता, भाषा नव्हती. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं काय ते संपादक मंडळाने बघून घ्यावं. हे नुसतं माफी मागायला लिहीत नाहीये. माझ्या कॉन्व्हेंटचा या लेखात पुढे संबंध येणार आहे, आणि तो काही फारसा अभिमानाचा नाही!

तर झालं असं. गेल्या सेमिस्टरला मिनी प्रोजेक्टसाठी आम्ही दोघींनी (मी आणि माझी रूमी) बाजारसमित्यांमधल्या सोयाबीनच्या भावांचा डेटा घेतला. विषय रूमीचा. ती परभणीकडची, घरी सोयाबीन आहे, त्यामुळे तिला त्यात खरा इंटरेस्ट. मला इंटरेस्ट एवढाच, की सबमिशन वेळेवर व्हावं. शेकडो सीएसव्ही फायली होत्या आणि माझा लॅपटॉप आठ जीबीचा. कोणीतरी सांगितलं की मोठा डेटा तुकड्या-तुकड्याने वाचणारी एक नवी पायथन लायब्ररी आली आहे, आवृत्ती ०.३. आमचे एक सीनियर तीच वापरून पास होऊन गेले होते. त्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही आणि लायब्ररीचंही नाही. ती बनवणारी मंडळी नोकरी सांभाळून फुकट राबतात, आणि हा अंक छापून हातात पडेपर्यंत त्यांनी अर्ध्या गोष्टी दुरुस्तही केल्या असतील.

सीनियर दादांनी जाताना अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर दिलं होतं. हॉस्टेलची परंपराच आहे ही. ड्राफ्टर, ॲप्रन, जर्नल आणि चालू फोल्डर, चारही गोष्टी वरून खाली येतात. मी फोल्डर कॉपी केलं, चालवलं, आणि स्क्रीनवर एकच ओळ आली. तिचा अर्थ असा, की अमुक ठिकाणी पायथन नाही. ते अमुक ठिकाण म्हणजे सी ड्राइव्ह, यूजर्स, आणि त्याच्या पुढे दादांचं नाव! ते बिचारे तेव्हा पुण्यात नोकरीला लागलेले, आणि माझा लॅपटॉप त्यांना घरात शोधत होता.

आम्ही खूप हसलो. पण कारण कळायला मला दोन दिवस लागले. पायथनमध्ये प्रत्येक कामासाठी एक वेगळी खोली करता येते, तिला व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणतात. ही सोय पायथनच्या ३.३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून पायथनसोबतच येते. त्या खोलीत लायब्ऱ्या असतात, पण मूळ पायथन तिथे नसतो. तो कुठे आहे याचा पूर्ण पत्ता तेवढा एका छोट्या फाइलीत लिहिलेला असतो. म्हणजे खोली उचलून दुसऱ्याच्या घरात नेली, तरी दारावर पत्ता जुनाच. अशी खोली हलवायची नसते, नवीन जागी नवीन बांधायची असते. बांधायला एक मिनिटही लागत नाही. दादांनी काय काय लावलं होतं त्याची यादी एका टेक्स्ट फाइलीत दिली असती तरी पुरलं असतं. एक केबीची फाइल! त्याऐवजी आम्ही पिढ्यान् पिढ्या दीड-दोन जीबीची फोल्डरं वाहतोय.

मग ठरवलं, स्वतःच इन्स्टॉल करू. आता इथे माझ्या कॉन्व्हेंटची गोष्ट येते.

मी पिप इन्स्टॉल लिहून एंटर मारलं. पाच मिनिटं बरंच काही सरकलं आणि शेवटी लाल अक्षरं आली, चाळीसेक ओळी. मला इंग्रजीची कधीच भीती नाही, त्यामुळे मी वर-वर नजर फिरवली आणि शेवटची ओळ वाचली. तिथे लिहिलं होतं की हा दोष बहुधा पिपचा नाही. बरं, मग कोणाचा? मधे कुठेतरी दिसलं की मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० किंवा त्याच्या वरचं हवं. झालं! मी ते उतरवायला लावलं. कित्येक जीबी. हॉस्टेलचं वायफाय रात्री एकनंतर बरं चालतं, म्हणून जागत बसले. सकाळी सहाला पुन्हा प्रयत्न केला, तर आता साठ ओळींचा एरर.

रूमी उठली, ब्रश तोंडात तसाच. म्हणाली, "वरून वाच की. तू खालूनच काय वाचायलीस?" आणि स्क्रीनवर बोट ठेवून एकेक शब्द वाचायला लागली. ती बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलीला इंग्रजी ओळ अजूनही थांबून वाचावी लागते. आणि थांबून वाचल्यामुळेच तिला ते दिसलं. "हे बघ, बाकी सगळ्या उतरवलेल्या फायलींच्या शेवटी डब्ल्यूएचएल आहे. या एकीच्या शेवटी टार-जीझेड का गं?"

मी ती ओळ निदान सहा वेळा बघितली असेन. वाचली एकदाही नव्हती.

प्रश्न अगदी बरोबर होता. डब्ल्यूएचएल म्हणजे व्हील, तयार माल. लायब्ररीचा सी किंवा रस्टमधला भाग आधीच कंपाइल करून झिप केलेला असतो, आपण फक्त उघडून ठेवायचा. टार-जीझेड म्हणजे कच्चा माल, सोर्स कोड. तो आपल्या मशीनवर शिजवावा लागतो, आणि शिजवायला कंपायलर लागतो. पिप आधी तयार माल शोधतं, तो सापडला नाही की मुकाट्याने कच्चा आणतं. व्हीलच्या नावातच लिहिलेलं असतं की ती कोणत्या पायथनसाठी, कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी आणि कोणत्या प्रोसेसरसाठी आहे. रूमीने लायब्ररीच्या फायलींची यादी उघडली. तिथे नावांमध्ये ३११, ३१२, ३१३ असे आकडे. माझ्याकडे पायथन ३.१४, ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेला. मी हौसेने सगळ्यात नवा टाकला होता. नवा म्हणजे चांगला, नाही का? पण लायब्ररी बनवणारे दोघं-तिघं. नवा पायथन आला की त्याच दिवशी त्यांची व्हील तयार असेल असं थोडंच आहे!

मग ३.१३ टाकला, तोही ३.१४ न काढता, शेजारी शेजारी. त्याची नवी खोली बांधली, आणि बारा सेकंदांत लायब्ररी लागली. बारा सेकंद! ते जीबीच्या जीबी उतरवलेलं सामान अजून माझ्या सी ड्राइव्हवर पडून आहे. काढायचा धीर होत नाही.

खरी मजा पुढे आहे. या लायब्ररीला सुरुवातीला एक सेटिंगची फाइल द्यावी लागते. कोणत्या कॉलमचं नाव काय, त्यात आकडे आहेत की तारखा, वगैरे. रूमीने नावं मराठीत लिहिली: बाजार, तारीख, आवक, किमान, कमाल, दर क्विंटल. मी लिहिली असती तर सरळ इंग्रजीत लिहिली असती आणि हा लेखच झाला नसता. चालवलं तर एरर. 'चारमॅप' नावाच्या कोणाला तरी ८डी ही बाइट वाचता येत नाही.

मी म्हटलं, "अगं, मराठी चालत नसेल त्याला. इंग्रजी कर, सोड." ती काही सोडेना. तिने एकेक कॉलम काढून बघितला. 'दर क्विंटल' काढल्यावर एरर गेला! पण बाकीची नावं डोक्यावर तिरकी रेघ असलेले ए आणि कसल्या कसल्या चिन्हांची रांग होऊन आली. म्हणजे 'आवक' कसंबसं आत शिरतं, पण 'क्विंटल' दारातच अडतं. का बरं?

याचं उत्तर मला आमच्या सगळ्या प्रोजेक्टमध्ये सर्वात जास्त आवडलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्सचं असतं. लायब्ररीने फाइल उघडताना 'ही यूटीएफ-८ आहे' असं सांगितलंच नव्हतं. अशा वेळी विंडोजवर पायथन विंडोजचा जुना तक्ता घेतो. आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजवर तो १२५२ नंबरचा असतो, पश्चिम युरोपातल्या अक्षरांसाठी बनवलेला. त्यात २५६ घरं आहेत, त्यातली पाच रिकामी: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. बाकी कोणत्याही घराचा नंबर आला की तिथलं काहीतरी अक्षर मिळतं, चुकीचं का होईना. म्हणून 'आवक' कचरा होऊन का होईना, आत जातो. आणि रिकाम्या घराचा नंबर आला की पायथन हात वर करतो. आता आपल्या हलन्ताची, म्हणजे अक्षराचा पाय मोडायच्या चिन्हाची, तिसरी बाइट कोणती? ८डी! 'क्विंटल'मधल्या क चा पाय मोडला आणि प्रोग्रॅमचाही मोडला. रूमीने मग वहीत यादीच केली. ए अडतो, ऐ अडतो, झ अडतो, चंद्रबिंदू अडतो आणि यच्चयावत जोडाक्षरं अडतात. लातूर आणि परभणी सुटतात. महाराष्ट्र अडतो.

उपाय तसा छोटा. पायथनला यूटीएफ-८ मोडमध्ये चालवायचं एक सेटिंग आहे, ३.७ पासून. ते केलं की सगळं सुरळीत. लायब्ररीत खरी दुरुस्ती एका ओळीची. लिनक्सवर हा घोटाळा सहसा होत नाही, कारण तिथे यूटीएफ-८ गृहीतच असतं. लायब्ररी बनवणाऱ्यांनी बहुधा म्हणूनच तो कधी पाहिला नव्हता. पायथन ३.१५ पासून सगळीकडेच यूटीएफ-८ गृहीत धरायचं असं ठरलेलं आहे.

आता काही जण म्हणतील (आणि आमच्या गाइड सरांनी म्हटलंच), की मुळात ०.३ आवृत्तीच्या नादी लागलातच कशाला? पँडास होतं की! सरांचं म्हणणं चूक आहे असं मी म्हणणार नाही. आवृत्तीचा पहिला आकडा शून्य असेल तर त्याचा सरळ अर्थ आहे, की यातलं काहीही कधीही बदलेल. सिमँटिक व्हर्जनिंगच्या नियमांत ते लिहूनच ठेवलंय. सबमिशनला दोन आठवडे राहिले असताना असल्या लायब्ररीच्या जिवावर बसणं हा शुद्ध वेडेपणा. तो आम्ही केला, आणि बाहेरच्या एक्झामिनरनी तोच प्रश्न विचारल्यावर गप्पही बसलो.

पण पँडास तरी आकाशातून पडलं का? वेस मॅकिनी यांनी ते २००८ मध्ये एका गुंतवणूक कंपनीत नोकरी करताना लिहायला घेतलं, २००९ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं, आणि त्याची १.० आवृत्ती आली जानेवारी २०२० मध्ये. म्हणजे आपले कितीतरी सीनियर्स ज्या पँडासवर पास झाले, ते तेव्हा शून्य-पॉइंट-समथिंगच होतं! पँडास हे नाव ज्या 'पॅनेल डेटा'वरून आलं, ते पॅनेलच २०१९ मध्ये ०.२५ ला काढून टाकलं. पोलर्सचं तसंच. २०२० मध्ये सुरू, १.० जुलै २०२४ मध्ये. मधे २०२३ मध्ये ०.१९ ला त्यांनी 'ग्रुपबाय' या नावात एक अंडरस्कोर घातला. एका अंडरस्कोरने किती जणांच्या नोट्स जुन्या झाल्या असतील, देव जाणे. आणि मोठं नाव म्हणजे निर्धास्त, असंही नाही. नमपायची १.० आली २००६ मध्ये आणि २.० थेट जून २०२४ मध्ये. त्या दिवसानंतर जुन्या नमपायवर कंपाइल केलेल्या कितीतरी लायब्ऱ्या नव्या नमपायसोबत चालेनात. तेव्हा ज्याने आपल्या आवृत्त्या फाइलीत लिहून ठेवल्या होत्या तो शांत झोपला.

तर माझं म्हणणं एवढंच, की इन्स्टॉल करणं ही अभ्यासाच्या आधीची कटकट आहे, हे आपण कुठून शिकलो? मी पिपच्या त्या चाळीस ओळींतून ऑपरेटिंग सिस्टिम, कंपायलर आणि कॅरॅक्टर एन्कोडिंग जेवढं शिकले, तेवढं तिन्ही विषयांच्या टेक्निकल पब्लिकेशनमधून शिकले नाही. कंपायलर डिझाइनला मला मार्क चांगले आहेत हो, पण कंपायलर कधी आणि कशाला लागतो हे त्या सकाळी कळलं.

आणि इथे मला लॅबबद्दल बोलायचंय. माझ्याकडे लॅपटॉप होता म्हणून मी रात्रभर चुका करू शकले. रूमीकडे नाही. आमच्या विंगमध्ये अशा अजून बऱ्याच जणी आहेत. त्यांचा कॉम्प्युटर म्हणजे लॅबचा कॉम्प्युटर, आणि तिथे सगळं आधीच लावलेलं. फळ्याशेजारी पाटी: 'कोणतेही सॉफ्टवेअर इन्स्टॉल करू नये.' म्हणजे जी मुलगी एरर सगळ्यात नीट वाचते, तिला एरर येण्याची परवानगीच नाही! ती माझ्या लॅपटॉपवर बोट ठेवून शिकली, कीबोर्ड माझ्याकडे होता. हे मला उशिरा लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावर बरं नाही वाटलं.

आम्ही लॅबमध्ये प्रयत्न केला होता. तिथे उबुंटू २४.०४ आहे. पिप इन्स्टॉल केलं की ते सांगतं, इथला पायथन सिस्टिमचा आहे, त्याला हात लावू नका, वेगळी खोली बांधा. डेबियन आणि उबुंटूवाल्यांनी ही अडवणूक २०२३ पासून मुद्दाम घातली आहे, आणि ती योग्यच आहे. सिस्टिमची स्वतःची कामं त्या पायथनवर चालतात. तरीही दामटायचं असेल तर एक ऑप्शन आहे, त्याचं नावच 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस'. इतकं प्रामाणिक नाव मी दुसरं पाहिलं नाही! आम्ही शहाण्या मुलींसारखी खोली बांधायला घेतली. तर ते म्हणालं, त्यासाठीचं पॅकेज नाही, अमुक कमांड द्या. कमांड दिली. पासवर्ड मागितला. पासवर्ड लॅब असिस्टंट काकांकडे. काका म्हणाले, "बाई, साठ मशीन आहेत. एकेकीने एकेक टाकलं तर मी कुठं बघू?"

काकांची अडचण मला खरंच पटते. चार बॅचेस, रोजची प्रॅक्टिकल्स, आणि पोरं काय काय टाकतील नेम नाही. पण त्यांना जे भय आहे ते या खोल्यांमुळेच जातं. ते पॅकेज त्यांनी प्रत्येक मशीनवर एकदाच टाकायचं. त्यानंतर खोली बांधायला पासवर्ड लागत नाही. खोली विद्यार्थ्याच्या स्वतःच्या होम फोल्डरमध्ये असते, बिघडली तर फोल्डर डिलीट, बाकी मशीनला धक्काही नाही. नेट हळू आहे म्हणाल तर त्यावरही उपाय आहे. लागणाऱ्या व्हील्स एकदाच उतरवून लॅबच्या सर्व्हरवर ठेवायच्या, पिपला सांगायचं की बाहेर जाऊ नकोस, या फोल्डरमधून घे. यात एक रुपयाचा खर्च नाही.

आणि मॅडम-सरांना एक विनंती. जर्नलमध्ये पहिलं प्रॅक्टिकल हेच असू द्या. रिकामी खोली, आवृत्त्यांची यादी, आणि आलेला एक तरी एरर त्याच्या अर्थासकट. आउटपुटचा स्क्रीनशॉट आम्ही एकमेकींचा चिकटवतो हे आपणा सर्वांना माहीतच आहे. एरर मात्र प्रत्येकीचा वेगळा येतो, तो कॉपी करणं जरा अवघड जाईल.

रूमीने त्या ८डी बाइटबद्दल लायब्ररीवाल्यांना लिहिलं. इंग्रजी माझ्याकडून तपासून घेतलं. मी दोन 'द' घातले, बाकी काही नाही. चार दिवसांनी उत्तर आलं, आभार मानले होते. ०.४ मध्ये ती ओळ दुरुस्त झाली. त्याच ०.४ मध्ये त्यांनी आम्ही वापरलेल्या एका फंक्शनचं नावही बदलून टाकलं, आणि आमचा प्रोग्रॅम बंद पडला. रूमीने यादीत ०.३ लिहून ठेवलं होतं म्हणून व्हायव्हाच्या दिवशी तरलो.

काकांनी शेवटी सांगितलं, "एचओडींच्या नावे अर्ज लिहून द्या, मग बघू." अर्ज तयार आहे. मराठीत आहे, रूमीने लिहिलाय, जोडाक्षरांसकट. मुलींच्या मेसमध्ये पाण्याच्या कूलरशेजारी ठेवलाय, मुलांच्या हॉस्टेलची प्रत झेरॉक्सवाल्याकडे आहे. शुक्रवारपर्यंत सह्या करा. पेन सोबत आणा, तिथलं पेन कोणीतरी नेलंय.